क्ले बार घेण्यापूर्वी रंग तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत गाडीच्या रंगाची निगा राखण्यावर नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्याच्या अनुषंगाने हे पत्र लिहीत आहे. शाम्पूने स्वच्छ धुतलेल्या गाडीवरही हात फिरवला असता खरखर का लागते, हा प्रश्न लेखकाने नेमका उचलला आणि त्यावर क्ले बारचा, म्हणजे रंगावर फिरवून चिकटलेली घाण काढणाऱ्या मळता येणाऱ्या वडीचा, उपाय सुचवला, हे योग्यच झाले; कारण पुष्कळ गाडीमालक ही खरखर म्हणजे रंगच खराब झाला असे समजून थेट रबिंग-पॉलिशच्या वाटेला लागतात. परंतु क्ले बार निवडण्याविषयी लेखात जो सल्ला आहे, म्हणजे वडी जितकी कडक तितकी सफाई चांगली, तेव्हा सौम्य वडीच्या भानगडीत न पडता सरळ हेवी ग्रेड, म्हणजे सर्वांत कडक प्रकार, आणावा आणि गाडी धुताना दर वेळी फिरवावा, तो वाचकांच्या गाड्यांचे नुकसान करणारा आहे. गाड्यांचे रंगकाम आणि पॉलिश हाच माझा व्यवसाय असल्यामुळे असा सल्ला ऐकून धूसर झालेल्या गाड्या शेवटी आमच्याकडेच येतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रंगावर जी घाण बसते तिच्यातील धूळ, चिखल आणि काजळी पृष्ठभागावर नुसती पडलेली असते आणि पाणी-शाम्पूने ती निघून जाते. तिच्यापलीकडची घाण मात्र रंगाला घट्ट चिकटलेली किंवा त्यात रुतलेली असते. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅडमधून उडणारी लोखंडाची भुकटी, रेल्वेच्या चाकांतून आणि रुळांतून निघणारे तसेच कण, रस्त्यावरचे डांबर, झाडांचा चीक, वाळून चिकटलेले किडे, शेजारी कोणी फाटक रंगवताना वाऱ्याबरोबर आलेले रंगाचे तुषार, कठीण पाण्याचे थेंब वाळल्यावर मागे उरणारे क्षार, हे सारे त्यात आले. यांतील लोखंडाचे कण सर्वांत चिवट असतात, कारण ते बारीक, धारदार आणि बरेचदा तापलेल्या अवस्थेत येऊन रंगात बसतात, पुढे दमट हवेत गंजतात, गंजताना फुगतात आणि मग पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागतात. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवरही ते तितकेच असतात; फक्त डोळ्यांना दिसत नसल्याने तिच्या मालकाला आपली गाडी स्वच्छ असल्याचा भ्रम होतो.

क्ले बार ही पॉलिब्युटीनसारख्या लवचीक कृत्रिम पदार्थात अतिशय बारीक अपघर्षक (घासणारे) कण मिसळून केलेली वडी असते. तिचा शोध जपानमधला असून अमेरिकेत तिला 1995 मध्ये पेटंट मिळाले, आणि तिची मूळ कल्पना सपाट पृष्ठभागाला धक्का न लावता त्यावरचे उंचवटे तेवढे घासून काढण्याची आहे. ओलसर, निसरड्या थरावरून ती पुढे सरकते; रंग सपाट आहे तेथे ती नुसती तरंगते आणि जेथे एखादा कण वर आलेला असतो तेथे अडखळते, त्याला खरवडते आणि आपल्या अंगात ओढून घेते. हे काम एकदा नीट समजले की वडी निवडण्याचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. उंचवटा जितका मोठा आणि चिवट, तितके जास्त अपघर्षण लागेल, हे खरे. पण तेच अपघर्षण आजूबाजूच्या निकोप रंगावरूनही जात असते आणि कडक वडी तेथे आपली खूण सोडल्याशिवाय राहत नाही.

ही खूण कुठे पडते, हे आपल्या लेखात आलेच नाही. आजच्या बहुतेक गाड्यांवर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. चकाकी दिसते ती या क्लिअर कोटची, आणि खालच्या रंगाला उन्हातील अतिनील किरणांपासून वाचवतो तोही हाच थर. त्याची जाडी साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन असते, म्हणजे हे पत्र ज्या कागदावर छापले जाईल त्या कागदाहूनही तो पातळ असतो. हेवी ग्रेडच्या वडीने या थरावर असंख्य बारीक ओरखडे पडतात, रंगावर धुके साचल्यासारखे दिसते, आणि हे धुके घालवायचे तर मशीनने पॉलिश करावे लागते. पॉलिश म्हणजे त्याच पातळ थरातला काही भाग कायमचा काढून टाकणे. एकदा-दोनदा ते चालून जाते, पण दर महिन्याला हेवी क्ले आणि त्यामागून पॉलिश असा क्रम ठेवला तर काही वर्षांत बॉनेटच्या आणि दारांच्या कडांवरचा क्लिअर कोट संपतो. गेलेला क्लिअर कोट कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. तेथे नवा रंगच मारावा लागतो.

म्हणून वडी विकत घेण्याच्या आधी गाडीचा रंग हाताने तपासावा. गाडी नीट धुऊन कोरडी करावी, हाताला एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि बोटांची टोके अगदी हलकेच रंगावरून फिरवावीत. उघड्या बोटांना जे जाणवत नाही ते पिशवीतून स्पष्ट जाणवते, कारण त्वचेची पकड आणि ओलावा मध्ये येत नाही. निकोप रंगावरून पिशवी आवाज न करता घसरते. दूषित रंगावर तिला बारीक खरखर लागते, आणि शांत जागी ती खरखर कानांनाही ऐकू येते. ही तपासणी एकाच जागी करून थांबू नये. टप, बॉनेट आणि डिकीचा वरचा भाग आडवा असल्यामुळे आकाशातून येणारे सारे तेथे बसते; दारांचा खालचा पट्टा आणि मागच्या चाकामागची जागा डांबराने व ब्रेकच्या भुकटीने भरलेली असते; आणि दारांचा वरचा, उभा भाग बहुधा जवळपास स्वच्छच निघतो. सबंध गाडीला एकच उपचार लागतो असे गृहीत धरण्याची गरज नाही. जेथे पिशवी घसरते तेथे क्ले फिरवूच नये.

तपासणीत खरखर लागली तरी हात लगेच वडीकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. लोखंडाचे कण विरघळवणारी आयर्न रिमूव्हर नावाची फवारणी मिळते. बहुतेक उत्पादनांत थायोग्लायकोलेट वर्गातील रसायन असते. लोखंडाशी त्याची क्रिया झाली की रंगावर जांभळे ओघळ उतरू लागतात आणि कुजकट वास सुटतो. वास सहन होण्याजोगा नसला तरी काम चोख होते. (हातमोजे घालावेत आणि मोकळ्या हवेत काम करावे.) सावलीत, थंड पत्र्यावर फवारा मारून, वाळू न देता, उत्पादनावर दिलेल्या वेळात भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. क्ले बार लोखंडाच्या कणाचे वर आलेले डोके खरवडतो, पण रुतलेला भाग पुष्कळदा आतच राहतो आणि काही दिवसांनी पुन्हा गंजतो; रसायन मात्र तो कण मुळातून सैल करते. डांबरासाठीही वेगळा टार रिमूव्हर असतो आणि मऊ कापडावर घेऊन तो ठिपक्यावर थोडा वेळ धरला की डांबर विरघळून कापडावर येते. या दोन रसायनांनी निम्म्याहून अधिक काम होऊन गेलेले असते, आणि मग पिशवीची तपासणी पुन्हा केली तर ज्या गाडीला हेवी ग्रेड लागेल असे वाटले होते तिला फाइन ग्रेड सहज पुरतो. लेखात या पायरीचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तेथेच आहे: जे काम रसायनाने व्हायचे ते घर्षणाने उरकायला गेले की कडक वडी लागणारच.

आता ग्रेडविषयी. बाजारात ढोबळमानाने फाइन, मीडियम आणि हेवी असे तीन प्रकार मिळतात. घरच्या घरी काम करणाऱ्या माणसासाठी फाइन हीच पहिली आणि बहुतेक वेळा शेवटचीही निवड असावी. ती हळू काम करते, एकाच जागी अधिक वेळा फिरवावी लागते, पण नीट निसरडेपणा राखला तर बहुतेक रंगांवर डोळ्यांना दिसेल अशी खूण सोडत नाही आणि त्यानंतर पॉलिश करावेच लागेल अशी सक्ती राहत नाही. मीडियम ग्रेड अशा गाडीसाठी ठेवावा, जी वर्षानुवर्षे उघड्यावर उभी राहिली आहे आणि जिच्यावर रसायने व फाइन वडी दोन्ही वापरूनही खरखर उरली आहे. मात्र त्यानंतर किमान हलक्या पॉलिशची तयारी ठेवूनच तो हातात घ्यावा. हेवी ग्रेड हा आमच्यासारख्यांचा, म्हणजे ज्यांच्याकडे पॉलिशिंग मशीन आहे आणि रंगाची जाडी मोजण्याचे मीटर आहे, त्यांचा माल. रंगाचे तुषार सबंध गाडीवर बसले असतील आणि पुढे पूर्ण पॉलिश ठरलेलेच असेल, तर तो जरूर वापरावा. घरातल्या कपाटात त्याचे काही काम नाही.

कोणता ग्रेड पुरेल हे दुकानात उभे राहून ठरवता येत नाही, म्हणून डिकीच्या एका कोपऱ्यात सुमारे एक फूट लांबी-रुंदीचा तुकडा आधी करून पाहावा. फाइन वडी सुरुवातीला रंगावर किंचित ओढल्यासारखी चालते आणि हाताला व कानाला बारीक करकर जाणवते. काही फेऱ्यांनंतर ती करकर थांबते आणि वडी एकाएकी मोकळी सरकू लागते. ती मोकळी सरकली की तेवढा भाग झाला, त्यापुढे एक फेरीही जास्त मारू नये. वडी उलटून पाहिली तर पांढऱ्या-निळ्या पृष्ठभागावर तपकिरी रेघा उमटलेल्या दिसतात. मग तो भाग पुसून कोरडा करावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहावा. रंग आरशासारखा स्वच्छ दिसला तर वडी योग्य आहे. प्रकाशाभोवती धूसर वलय किंवा एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या, तर वडी या रंगासाठी कडक आहे किंवा वंगण (वडी सरकावी म्हणून रंगावर मारायचा निसरडा द्रव) कमी पडते आहे, आणि यांपैकी वंगण वाढवून पाहणे सोपे असल्याने ते आधी करावे. रंग कंपनीगणिक कमीअधिक कठीण असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर जी वडी निर्धोक ठरली ती आपल्या गाडीवर तशीच ठरेल असे नाही. मऊ क्लिअर कोटवर, विशेषतः काळ्या रंगात, फाइन वडीनेही खुणा दिसू शकतात.

वडीच्या रंगावरून ग्रेड ओळखता येतो असा एक सार्वत्रिक समज आहे आणि लेखातही निळी वडी म्हणजे सौम्य, लाल म्हणजे कडक असे सांगून टाकले आहे. पुष्कळ उत्पादक तसे करतात, पण तो नियम नाही. या धंद्यात रंगांचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. एका उत्पादकाची राखाडी वडी दुसऱ्याच्या लाल वडीहून कडक असू शकते. फाइन या शब्दाचेही तेच आहे, कारण एकाचा फाइन दुसऱ्याच्या मीडियमच्या जवळ जातो. म्हणून रंगाकडे न पाहता वेष्टनावरची माहिती वाचावी आणि वर सांगितलेला कोपऱ्यातला प्रयोग हाच अंतिम पुरावा मानावा. त्याशिवाय वडी हातात मळून पाहावी. चांगली वडी बोटांच्या उबेने चटकन मऊ होते, ताणली तर लांबते, दुमडली तर शिवण न राहता एकजीव होते आणि बोटांना चिकटत नाही. दुमडताना तडकणारी, चुरा होणारी वडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण तिचे तुकडे रंगावर आणि रबरी पट्ट्यांच्या फटीत अडकून बसतात. फार थंड हवेत चांगली वडीसुद्धा ताठरते. ती थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवली की पूर्ववत होते.

आकाराबाबत एवढेच सांगतो की मोठी वडी एकसंध वापरू नये. दोनशे ग्रॅमची वडी घेतली तर तिचे तीन-चार तुकडे करावेत, एक तुकडा तळहातावर चपटा करून बोटांच्या रुंदीएवढा ठेवावा आणि बाकीचे डबीत राहू द्यावेत. कारण वडी हातातून जमिनीवर पडली की ती संपली. तिच्या पृष्ठभागात वाळूचे कण रुततात आणि ते धुऊन निघत नाहीत. ती पुन्हा रंगावर फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे होय. तुकडे केले असतील तर एक तुकडा जातो, सबंध वडी जात नाही. काचेसाठी आणि चाकांच्या रिमसाठी एक तुकडा वेगळा ठेवावा, आणि तो पुन्हा कधीही रंगाला लावू नये.

वंगणाचा विचार वडीच्या निवडीपासून वेगळा करताच येत नाही, आणि माझ्या पाहण्यात रंगावर पडलेल्या खुणांपैकी बऱ्याचशा कडक वडीपेक्षा कमी वंगणामुळेच पडलेल्या असतात. नुसते पाणी पुरत नाही, ते रंगावरून लगेच ओघळून जाते आणि वडी कोरडी चालू लागते. वडीसोबत मिळणारा किंवा त्याच उत्पादकाचा क्विक डिटेलर स्प्रे सर्वांत खात्रीचा, कारण तो त्या वडीबरोबर चाचणी करूनच विकलेला असतो. न धुता पुसण्याचे जे रिन्सलेस वॉश मिळते ते उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात पातळ करूनही चांगले चालते. शाम्पूचे पाणी चालते, पण सर्व शाम्पू चालत नाहीत. काहींमुळे वडी विरघळून लिबलिबीत होते आणि रंगावर चिकट पट्टे सोडते. भांडी घासण्याचा साबण वापरावा असे लोक एकमेकांना सांगत असतात, तो मात्र टाळावा, कारण तो रंगावरचे वॅक्स काढून टाकतो आणि त्याचा निसरडेपणा फार वेळ टिकत नाही. पत्रा उन्हात तापलेला असेल तर कोणतेही वंगण क्षणात वाळते, तेव्हा काम सावलीतच आणि पत्रा हाताला थंड लागत असतानाच करावे. एका वेळी साधारण दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढाच भाग घ्यावा, त्यावर आणि वडीवर सढळ हाताने फवारा मारावा, आणि वडी सरळ रेषेत पुढे-मागे चालवावी. गोल गोल फिरवल्यास पडलेली खूण कोणत्याही कोनातून प्रकाश आला तरी दिसते, सरळ रेषेतली त्या मानाने लपते आणि पुढे काढायलाही सोपी जाते. दाब जवळपास नसावाच. हाताचे वजनही पूर्ण टाकू नये. वडीच्या पुढे ढकलण्यात काम आहे, खाली दाबण्यात नाही. घाण दिसू लागली की वडी दुमडून, मळून आतला स्वच्छ भाग वर आणावा, आणि सर्व बाजूंनी राखाडी झाल्यावर लोभ न धरता टाकून द्यावी.

अलीकडे वडीऐवजी क्ले मिट (हातमोजा), क्ले टॉवेल आणि मशीनला लावायचे क्ले पॅडही मिळतात. मायक्रोफायबरच्या एका बाजूला अपघर्षक रबरी थर बसवलेला असतो. त्यांचा मोठा फायदा असा, की ते जमिनीवर पडले तरी पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येतात, आणि मोठ्या गाडीवर काम फार लवकर होते. परंतु वडी जशी बाह्यरेषेनुसार वाकते आणि घाण आत गिळते, तसा हा थर गिळत नाही; घाण त्याच्या पृष्ठभागावरच राहते, म्हणून प्रत्येक भागानंतर तो खळबळून घ्यावा लागतो. शिवाय हाताला जाणवणारी ती बारीक करकर जाड मिटमधून तितकी कळत नाही, आणि तीच तर थांबण्याची खूण असते. नवशिक्याने पहिल्यांदा वडीनेच शिकावे, असे मी सुचवीन. ज्याला हाताची जाणीव आली आहे त्याने फाइन ग्रेडचा टॉवेल खुशाल घ्यावा.

काही रंगांवर मात्र वडी लावूच नये. मॅट (चकाकी नसलेला) रंग आणि मॅट रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवलेली तशीच फिल्म, यांच्यावर क्ले फिरवला तर त्या जागी चकाकी येते आणि ती घालवता येत नाही. नुकत्याच नव्याने रंगवलेल्या पॅनेलला रंग पूर्ण पक्का होईपर्यंत हात लावू नये, आणि तो कधी पक्का होईल हे ज्याने रंगवले त्यालाच विचारावे. पारदर्शक संरक्षक फिल्म असेल तर तिच्या उत्पादकाने परवानगी दिली आहे का ते पाहावे आणि तिच्या कडांपासून दूर राहावे. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर क्लेने कोटिंगच झिजते, तेव्हा तेथे आधी आयर्न रिमूव्हरवरच भागवावे. याउलट, क्लिअर कोट नसलेल्या जुन्या, एकाच थराच्या रंगाच्या गाडीवर वडीला गाडीचाच रंग लागलेला दिसतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही, उन्हाने मेलेला वरचा थर निघतो आहे एवढाच त्याचा अर्थ. नव्या कोऱ्या गाडीला क्लेची गरज नसते हा समजही बरोबर नाही. कारखान्यातून निघालेली गाडी रेल्वेने, जहाजाने आणि ट्रकवरून प्रवास करून, मग मोकळ्या आवारात उभी राहून मालकाच्या हाती येते, आणि पिशवीच्या तपासणीत तिच्या टपावर लोखंडाची खरखर अनेकदा सापडते. अशा गाडीला फाइन वडीच, तीही लागेल तेवढ्याच जागी.

क्लेने ओरखडे जात नाहीत, धुताना पडलेली बारीक ओरखड्यांची गोल जाळी जात नाही, पक्ष्यांच्या विष्ठेने रंगात खोलवर उमटलेला डाग जात नाही. हे दोष पृष्ठभागाच्या खाली असतात आणि वडी फक्त वर आलेले काढते. लेखात 'जुने डाग-ओरखडे नाहीसे होतात' असे जे वाक्य आहे, तेवढ्यापुरती दुरुस्ती आपण पुढील पुरवणीत छापावी, अशी माझी विनंती आहे, कारण या आशेनेच वाचक ओरखड्यावर वडी जोर लावून घासत बसतो आणि एका रेघेच्या जागी तळहाताएवढे धुके करून ठेवतो.

क्ले झाल्यावर रंगावर पूर्वीचे वॅक्स किंवा सिलंट (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक लेप) फारसे उरलेले नसते. तेव्हा गाडी पुन्हा एकदा धुऊन, कोरडी करून त्याच दिवशी नवे वॅक्स किंवा सिलंट लावावे. हा खर्च आणि वेळ धरूनच क्ले किती वेळा करायचा ते ठरवावे. सर्वसाधारण वापरातील गाडीला वर्षातून एकदा, रेल्वेमार्गाजवळ किंवा कारखान्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला दोनदा, याहून अधिक वेळा मला तरी गरज दिसलेली नाही. पिशवी घसरत असेल तर वर्ष उलटले तरी थांबावे. दर धुण्याला क्ले फिरवण्याचा सल्ला वडी विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, गाडीच्या सोयीचा नाही.

शेवटी, उत्पादक आणि विक्रेते यांच्यासाठीही आपल्या वृत्तपत्रातून दोन शब्द. वेष्टनावर चकचकीत गाडीचे चित्र मोठे असते आणि ग्रेड एका कोपऱ्यात, तोही काही वेळा मुळीच नसतो. प्रत्येक वडीवर तिचा ग्रेड, ती वापरल्यावर पॉलिश लागण्याची शक्यता आहे की नाही, कोणते वंगण चालते आणि कोणते चालत नाही, मॅट रंगाला ती लावू नये ही सूचना, आणि जमिनीवर पडल्यास टाकून देण्याची सूचना, एवढे तरी ग्राहकाच्या भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापलेले असावे. हेवी ग्रेड तर वेगळ्या मांडणीवर, व्यावसायिक वापरासाठी असे ठळकपणे लिहूनच विकला जावा. आपल्या पुरवणीने निरनिराळ्या उत्पादकांच्या फाइन वड्या एकाच काळ्या पॅनेलवर, एकाच वंगणाने तपासून त्याचे निकाल छायाचित्रांसह दिले, तर वाचकांना वडीच्या रंगावरून अंदाज बांधत बसण्याची वेळ येणार नाही. त्यासाठी लागणारे पॅनेल आणि जाडी मोजण्याचे मीटर उपलब्ध करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
गाड्यांच्या रंगकाम व्यवसायातील एक वाचक